तुळशीच्या ओट्यातला ओवा

आमच्या घरी ओवा आला तो खोकल्यापायी. हौस म्हणून झाड लावावं एवढी सवड आमच्या वस्तीत कोणालाच नव्हती, आणि पाणी तर त्याहून नव्हतं. आता माझ्या गॅलरीत तेच झाड प्लास्टिकच्या कुंडीत वाढतंय. नात त्याची पानं चिरून कसल्याशा चीज घातलेल्या भाकरीवर टाकते आणि मला शिकवते, "आजी, हा ओरेगॅनोचा भाऊबंद आहे बरं का." असेल बाई. कोणाचं कोणाशी नातं लागतं हे ऐकून घ्यायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. त्या पानाचा वास बोटांना लागला की मला माय ओल्या केसांनी उभी दिसते आणि पुढे दिवसभर कशातच मन लागत नाही.

हा फोडणीत टाकतात तो दाण्याचा ओवा नव्हे. हा पानांचा. जाड, मऊ, लव असलेलं पान, कडेला बारीक दाते, आणि चुरगळलं की वास मात्र थेट ओव्याचा. दांडी इतकी नाजूक की कोंबडी अंगावरून गेली तरी मोडायची. पण मोडलेला तुकडा ओल्या मातीत पडला की आठ-दहा दिवसांत तिथंच पाय रोवायचा. असलं चिवट झाड मी दुसरं पाहिलं नाही. माणसांनाही हे जमायला हवं होतं.

आम्ही बाभुळगावच्या कडेला राहत होतो. गावाबाहेर कापसाचा जिन होता. दिवाळी झाली की गाड्या भरून कापूस यायचा, जिनाचा भोंगा वाजायला लागायचा आणि वस्तीतल्या निम्म्या बाया तिकडे चालू लागायच्या. माझी मायही त्यांच्यात. सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला रेचा म्हणत. त्याच्या तोंडाशी उभं राहून दिवसभर हातानं कापूस सारायचा. एका बाजूनं रुई उडायची, खाली सरकी पडायची आणि हवेत कापसाच्या बारीक धुळीची, म्हणजे कशीची, इतकी गर्दी असायची की तोंडाला पदर बांधूनही ती नाकातोंडात जायचीच. संध्याकाळी माय घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं, माझी माय रोज म्हातारी होऊन येते आणि सकाळी आंघोळ करून पुन्हा तरणी होते.

खोकला मात्र आंघोळीनं जात नव्हता. सुटीचा दिवस संपून कामावर गेली की त्या दिवशी तो जास्तच उसळायचा. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं होते, असं ती म्हणायची. दवाखान्यातलं पांढरं औषध बाटलीतून आणलं, संपलं, पुन्हा आणलं. मुकादमाला खोकणारी बाई चालत नव्हती. खोकायला लागली की तो तिला रेच्यापासून बाजूला करायचा आणि दाराशी थांबलेल्या दुसरीला हात करायचा. दाराशी दुसरी बाई नेहमीच थांबलेली असायची.

एकदा जिनातून येताना मायला रस्त्यातच ढास लागली आणि ती बाजाराजवळ एका दारापुढे मटकन खाली बसली. ते घर पिंजाऱ्याचं होतं. गाद्या-रजया पिंजणारं मुसलमानाचं घर. त्यांच्याही नाकातोंडात पिढ्यान्‌पिढ्या कापूसच. पिंजाऱ्याची बायको बाहेर आली. मायपेक्षा वयानं बरीच मोठी. आम्ही पुढे तिला खाला म्हणायला लागलो. तिनं पाणी दिलं, पाठ चोळली आणि अंगणातल्या फुटक्या डेऱ्यातून दोन पानं तोडून मिठाच्या खड्याबरोबर मायच्या हातावर ठेवली.

"चबा के खा बाई. थूकना नहीं," ती म्हणाली. "हमारे घर में सबका सीना रुई का खाया हुआ है. ये पत्ता नहीं होता तो मैं कब की गई होती."

मायला बरं वाटलं. पानानं वाटलं की पाठ चोळल्यानं, कोण जाणे. निघताना खालानं एक फांदी पेराखाली मोडून पदराच्या टोकात गुंडाळून दिली. पाणी थोडंच घालायचं, पश्चिमेचं ऊन लागू द्यायचं नाही, पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं तर झाड सडतं, एवढं सांगितलं. माय फांदी सांभाळत घरी आली, जशी काही अंडीच आणत होती.

आता ही फांदी लावायची कुठे? तर आमच्या दारात एक ओटा रिकामा पडला होता.

त्याच वर्षी बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. आमची सगळी वस्तीच त्या वाटेनं गेली. देव्हाऱ्यातले टाक, फोटो, मरीआईचा दगड, सगळं फडक्यात बांधून नदीत सोडलं. दारातली तुळसही बाबांनी मुळासकट उपटून टाकली. मला त्या गोष्टीचं दुःख झालं असं मी आज लिहिलं तर ते खोटं होईल. त्याच वाटेनं माझ्या हातात पाटी आली. आमच्या घरात पोरीनं शाळेत जावं यासाठी बाबा गावातल्या कोणाकोणाशी भांडले ते मी पाहिलंय. आणि माय तर देव गेले तेव्हा म्हणाली होती, "बरं झालं. उपास-तापास गेले, एक काम कमी झालं." तिच्या बोलण्यात श्रद्धेचा गंध नव्हता, पुढेही मला कधी आला नाही.

तर तुळस गेली आणि शेणामातीचा ओटा तसाच राहिला. मायनं ओव्याची फांदी त्यातच खोचली. बकऱ्या पोचत नाहीत, घराची सावली पडते, म्हणून इथंच बरी, असं ती म्हणाली. ते कोणालाही पटण्यासारखं होतं.

झाड लागलं. महिन्याभरात ओटा भरून गेला. शेंडे खुडले की ते बाजूनं फुटायचं, म्हणून माय ते खुडत राहायची. जिनातली कस उडत उडत वस्तीपर्यंत यायची आणि त्या लवदार पानांवर बसायची; माय ओल्या बोटांनी एकेक पान पुसायची. सकाळी दोन पानं मिठाबरोबर तिच्या तोंडात, संध्याकाळी चार पानं तव्यावर वाफवून, पिळून, त्या रसात गूळ. आम्हा पोरांना सर्दी झाली की गरम पान कपाळावर. घरात भाजी नसली की पानं चिरून बेसनात, आणि सणाच्या दिवशी भजी. त्या भज्यांसाठी आम्ही भावंडं एकमेकांच्या जिवावर उठायचो. खोकला गेला नाही, पण हंगामभर मायला रेच्यापासून कोणी हटवलं नाही. आमच्या घरापुरतं ते पुष्कळ होतं.

पाणी घालायची तिची एक रीत होती. वस्तीची विहीर फाल्गुनातच तळाला जायची, त्यामुळे एकेक तांब्या मोजूनमापून. माय पहाटे उठायची. चूल, भाकरी, पाणी भरणं, झाडलोट. मग घराच्या बाजूच्या न्हाणीत आंघोळ. बादलीत शेवटचा एक तांब्या राखून ठेवायची आणि ओल्या केसांनी, ओलेत्या लुगड्यात ओट्यापाशी येऊन तो सावकाश मुळाशी ओतायची. पाणी संपलं तरी ती तिथंच उभी राहायची. एका हातावर दुसरा हात, पोटाशी. डोळे कधी मिटलेले, कधी नुसते पानांवर. भोंगा वाजला की हलायची. दाराच्या उंबऱ्यात बसून मी तिची वाट पाहायची, पण मलाही त्या वेळी तिला हाक मारावीशी वाटायची नाही. दिवसभरात तिचा चेहरा तेवढाच काय तो सैल पडलेला असायचा.

समोर बाबांची चुलतबहीण राहायची. आमची आत्या. जिभेची तिखट, कामाला वाघीण, आणि मनानं वाईट अजिबात नव्हती. तिनं स्वतःचे देव नदीत सोडले होते तेव्हा ती ढसाढसा रडली होती. सगळी वस्ती ते विसरली, पण ती विसरली नव्हती. आपण एवढं जिवावर दगड ठेवून केलं, आणि समोरची भावजय मात्र रोज सकाळी ओलेत्यानं ओट्यापुढे उभी राहते, हे तिच्या डोळ्यांत सलायला लागलं. दोन हंगाम तिनं गिळलं. तिसऱ्या हंगामात ओकली.

दर रविवारी लिंबाखाली वस्ती जमायची. बाबांना वाचता येत होतं म्हणून वंदना तेच सांगायचे. त्या रविवारी वंदना झाली आणि आत्या उभी राहिली.

"दादा, लोकाइले सांगतं, देव सोडा. अन् तुह्याच घरी काय चालू हाय थे पाह्य. मी माह्या देव्हारा नदीत टाकला. तुह्या बायकोची तुळस चालूच हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबांचा चेहरा उतरला. पण ते उठले, घराकडे गेले, मूठभर पानं तोडून आणली आणि म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांच्या हातात दिली. एका म्हाताऱ्यानं चावून पाहिलं.

"ओवाच हाय बापा हा," तो म्हणाला. "भज्याचा."

लोक हसले. तिथंच ते मिटायला हवं होतं. पण आत्या हसली नाही.

"पान ओव्याचं हाय, थे मलेबी समजते. पण पाणी कसं घालते थे पाह्यलं का कोणी? आंघोळ करून, ओल्या केसानं. अन् मंग हात असे धरून उभी राह्यते. सांग वं, काहून उभी राह्यतं तू?"

माय बायांच्या मागे बसली होती. उठली नाही. जमिनीकडे पाहत म्हणाली, "पाणी मुरेपर्यंत उभी राह्यतो."

"पाणी आपोआप मुरते बाई," कोणीतरी म्हणालं. पुन्हा हसू.

मी आठ-नऊ वर्षांची होते. माय खोटं बोलतेय एवढं मला कळलं, पण का, ते कळलं नाही. आज वाटतं, खरं काय ते ती सांगणार तरी कशी? त्या लिंबाखाली बसलेली प्रत्येक बाई पहाटेपासून राबून आली होती. त्यांच्यापुढे उठून, मी दमते म्हणून उगीच उभी राहते, असं म्हणायचं? देव पुजते म्हटलं असतं तर धर्माची गुन्हेगार. रिकामी उभी राहते म्हटलं असतं तर त्याहून मोठी. बाईमाणसाला रिकामं उभं राहायची मुभा कोणत्याच धर्मानं दिलेली नव्हती, निदान आमच्या वस्तीत तरी.

बाबांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "मले एकच सांग. हात जोडतं का तू?"

"नाई."

"झालं," बाबा म्हणाले. "पण लोकाइच्या मनात किंतू नको. ओटा मी काढून टाकतो. झाड मांगं परसात लावतो. वाद संपला."

सगळ्यांना ते पटलं. आत्यालाही पटलं. न्याय म्हणतात तो हाच असावा, कारण त्यात कोणाचंच काही गेलं नाही असं प्रत्येकाला वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी पहार घेतली. ओटा फोडायच्या आधी त्यांनी झाड मुळाच्या मातीसकट इतक्या जपून उचललं की एक दांडी मोडली नाही. परसात राख घालून आळं केलं, भोवती तुराट्यांचं कुंपण घातलं. मायसाठीच केलं त्यांनी ते, मनापासून केलं. दारातली जागा सारवून सपाट झाली. जिथं ओटा होता तिथं मी लंगडी खेळायला लागले.

पुढच्या सकाळी माय आंघोळ करून तांब्या घेऊन परसात गेली. मी मागोमाग होते. तिनं पाणी घातलं आणि हातावर हात ठेवून उभी राहिली. परसात रात्रीची भांडी पडली होती. बाजूला ओल्या गोवऱ्या उलटायच्या होत्या, बकरी दावं ओढत होती. घरातून बाबांनी विचारलं, "माह्या सदरा कुठं हाय?" मायनं सदरा कुठे ते सांगितलं. मग तिनं एकदा भांड्यांकडे पाहिलं, केस तसेच गुंडाळले, खाली बसली आणि राखेनं तवा घासायला लागली. भोंगा होईपर्यंत घासतच होती.

त्यानंतर ती पाणी घालायला कधी गेली नाही. "तू घाल वं," म्हणाली. तेव्हापासून ओवा माझ्या अंगावर पडला. शाळेत जायच्या आधी खरकट्या पाण्याचा गडवा आळ्यात ओतायचा, पानं तोडून मायच्या हातावर ठेवायची. मला त्या कामाचा कंटाळा होता. झाड मात्र सांडपाण्यावर असं माजलं की तुराट्यांच्या बाहेर आलं. वस्तीतले सगळे पानं न्यायला लागले. आत्याही जिनात जायची, तिलाही ढास लागली होती. मायनं तिला फांद्या तोडून दिल्या, कशा लावायच्या ते सांगितलं, एकदा भजीही पाठवली. दोघींत अबोला कधीच नव्हता. भांडायलाही अंगात जोर लागतो.

ओवा वाढला तसा खोकलाही वाढला. बाबा बुचकळ्यात पडायचे. "पानं तर रोज खाते," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "तरी कमी काहून होत नाई?" मग एक हंगाम असा आला की मुकादमानं मायला रेच्यावरून काढून सरकीच्या ढिगावर लावलं. पुढच्या हंगामात तिथूनही काढलं. माय घरी बसली. घरी बसली म्हणजे काय, घरातलं सगळं करायची, फक्त मध्येमध्ये थांबून श्वास घ्यायची.

तोवर मी यवतमाळला शिक्षिकेचं शिकायला गेले होते. सुटीत घरी आले की मायचा चेहरा पाहून माझाच जीव थकायचा. अशाच एका सुटीत दुपारी माय बाजेवर पडली होती, बाबा दाराशी पेपर वाचत होते आणि मी पानं तव्यावर शेकत होते. काय मनात आलं कोण जाणे, मी विचारलं, "माय, तू त्या ओट्यापाशी काहून उभी राह्यत होतीस वं?"

तिला हसू आलं. हसल्यावर खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाली, "तुह्या आत्याचं अर्धं खरं होतं. ओवा मी मुद्दाम तिथं लावला."

"बकऱ्या खातीन म्हणून ना?"

"बकऱ्या ओव्याले तोंड नाई लावत, पोरी. वासानंच पळते. तुळस होती तवा मी तिच्यापुढं उभी राह्याची. मनात देव बिव काई नसे. पण ओल्या अंगानं तुळशीपुढं उभ्या बाईले कोणी हाक मारत नाई. सासू नाई, नवरा नाई, पोरं नाई. देव गेले, बरं झालं. पण माह्यं थे उभं राह्यणं बी गेलं. म्हणून तिथंच झाड लावलं. लोकाइले सवय होती, कोणी हाक मारली नाई. दोन-तीन सालं भेटले मले."

पान तव्यावर करपलं तरी मला कळलं नाही. इतकी वर्षं आम्ही सगळे तिच्या छातीवर इलाज करत होतो. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कोणाचा, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आत्याचा नव्हता. बाबांचा म्हणावा, तर त्यांनी एक दांडी मोडू दिली नव्हती.

दाराशी पेपर खाली आला होता. बाबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.

"मंग त्या दिवशी बोलली काहून नाई?" ते म्हणाले. "एवढंच होतं तर मी ओटा ठेवला असता. लोकाइशी भांडलो असतो. मी इचारलं होतं ना तुले?"

माय छताकडे पाहत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. नुसतं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"हात जोडतं का, थे तुम्ही इचारलं. थकतं का, थे नाई इचारलं."